सावजीचा रस्सा : नांव आणि चव

यवतमाळच्या माणसाला नागपूर दोनच कारणांनीं जवळचें वाटतें, असें कोणी थट्टेनें म्हटलें तर त्यांत थोडें तथ्य आहे. एक कारण हायकोर्टाचें किंवा दवाखान्याचें. दुसरें, त्या कामांतून दुपारीं मोकळें झाल्यावर सोबतचा माणूस हळूच विचारतो तें : "मंग, सावजीकडं जाऊन येऊ का?" कामाचा निकाल कसाही लागो, या प्रश्नाचें उत्तर ठरलेलें असतें. दीडशें किलोमीटरची परतीची वाट मग पोटांत एक ऊब घेऊन काटतां येते.

ग्रंथांचें परीक्षण जेथें व्हावयाचें तेथें खाणावळीचें परीक्षण कशाला, असें एखाद्या वाचकास वाटेल. वाईट पुस्तकाची प्रतदेखील ग्रंथालयांत उरते आणि पुढचा टीकाकार ती उघडून पाहूं शकतो; रश्श्याची प्रत उरत नाहीं. ज्यांनीं तो खाल्ला त्यांनीं त्याच्याविषयीं कांहीं लिहून ठेविलें नाहीं, तर पुढची पिढी पाटीवर जें वाचील तेंच खरें मानील. आणि पाटी सध्यां फार बोलूं लागली आहे.

सावजी हें मुळांत पदार्थाचें नांव नव्हे. ती हाक आहे; आदरानें मारावयाची. नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाशीं ती जोडली गेली. हा समाज विणकरांचा. इतवारी, गोळीबार चौक, तांडापेठ या बाजूंस त्यांचीं घरें आणि घरांत माग. १८७७ सालीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरांत सुरू झाली, ती आमच्या या कापसाच्या मुलुखाला जवळ म्हणूनच. शेतांत कापूस पिकविणारे आम्ही आणि मागावर बसणारे ते, दोघेही त्या भोंग्याच्या आवाजाखालीं आलों. यंत्राच्या कापडापुढें हातमागाचें पोट हळूहळू भरेनासें झालें. कांहीं हात गिरणींत गेले, कांहीं मागावरच राहिले. आणि कांहीं घरांनीं पुढची खोली मोकळी करून तींत बांकें टाकलीं. आंत चुलीपाशीं घरची बाई, बाहेर वाढावयास घरचा मुलगा, आणि गल्ल्यावर स्वतः सावजी. गिरणी पुढें बंद पडली. बांकें राहिलीं.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. सुकें खोबरें, खसखस, धने, कांदा हीं एकत्र नव्हे, निरनिराळीं भाजावीं लागतात, कारण प्रत्येकाचा करपण्याचा क्षण वेगळा. त्यांत मिरें, लवंग, दालचिनी, चक्रीफूल, आणि दगडफूल. या शेवटच्या वस्तूची स्वतःची अशी चव जवळजवळ नाहींच. भिजल्या लाकडासारखा एक वास तेवढा आहे. पण तो नसला कीं बाकीचे मसाले सुटेसुटे बोलूं लागतात. जुन्या घरांत हें सारें जवसाच्या तेलांत उतरे, आणि त्या तेलाचा किंचित् कडवट हात जिभेला अखेरपर्यंत जाणवे. उत्तम रश्श्याचा रंग लाल नसतो, काळ्याकडे झुकलेला असतो. लाल असते ती वरची तर्री.

तिखटाविषयीं लोकांत मोठा गैरसमज आहे. चांगल्या सावजी रश्श्याचें तिखट उशिरा येतें. पहिल्या घांसाला खोबऱ्याचा आणि भाजल्या धन्यांचा गोडवा लागतो. दुसऱ्याला मिरें नि लवंग घशापाशीं भेटतात. तिसऱ्याच्या सुमारास कपाळावर घाम येतो, आणि तोंवर माणूस चौथा घांस घेऊन बसलेला असतो. वाईट रश्श्यांत मिरचीपूड आधींच ओरडते आणि तिच्या मागून कोणीच येत नाहीं.

परीक्षा घ्यावयाची तर मटणावर घेऊं नये. मटणाचा अर्क पुष्कळ पापें झांकतो. पातोडीचा रस्सा मागवावा. बेसनाच्या शिजविलेल्या वड्या, शंकरपाळ्याच्या आकाराच्या, आणि त्यांच्याभोंवतीं निखळ मसाला. आमच्या यवतमाळकडे हा पदार्थ घरोघरीं होतो. अवेळीं पाहुणा आला आणि भाजी नसली कीं पातोडी. त्यामुळें आम्हांला तेथें फसवितां येत नाहीं. वडी कांठाशीं मऊ झालेली पण मोडलेली नसावी, आणि रस्सा भाकरीवर ओतला असतां तिच्यांत शिरावा, तिच्यावरून वाहून जाऊं नये. पिठूळ जाडपणा आणून रस्सा भाकरीवर बसविणें ही लबाडी आहे. दोन घांसांत ती उघडी पडते.

या पाकशाळेचें दुसरें वैशिष्ट्य खूर, सुंदरी, भेजा, कलेजी या पदार्थांत आहे. सुंदरी म्हणजे आंतडें. कोणा रसिकानें हें नांव ठेविलें तो धन्य! ज्या भागांकडे पैसेवाला ग्राहक पाहत नाहीं, त्यांना तासन्‌तास मंद विस्तवावर ठेवून खाण्याजोगें, नव्हे वाखाणण्याजोगें करावयाचें, ही गरिबाच्या घरची विद्या. नव्या झगमगीत भोजनगृहांच्या यादींतून हेच पदार्थ प्रथम गळतात. त्यांच्या जागीं पनीर येतें. पनीरबद्दल माझें कांहीं म्हणणें नाहीं. त्यानें मात्र या रश्श्यांत कां यावें हें त्यालाही ठाऊक नसावें.

जुन्या खाणावळींचें सरसकट कौतुक करण्याचा माझा हेतु नाहीं. अंधाऱ्या खोल्या, ओलीं बांकें, तेलाचा अतिरेक, आणि दुसऱ्यांदा कांदा मागितल्यास मालकाच्या चेहऱ्यावर उमटणारा भाव, हें सर्व मीं भोगलें आहे. एका ठिकाणीं तर शिळें मटण तिखटाखालीं दडविलेलें होतें, आणि त्याचें फळ मला बसच्या प्रवासांत मिळालें. तिखट हा जसा गुण, तसाच तो बुरखाही आहे.

पण खरा दोष निराळाच आहे. कांहीं वर्षांपूर्वीं पुण्यांत एका भोजनगृहावर 'अस्सल सावजी' अशी पाटी पाहून मी आशेनें आंत शिरलों. वाढप्या मुलानें अदबीनें विचारलें, "सर, तिखट किती देऊं? मीडियम, स्पायसी कीं सावजी?" मी थक्क झालों. एका समाजाला मारावयाची हाक आतां मिरचीचें माप झाली होती!

असें पूर्वींही घडलें आहे, आणि फार मोठ्या प्रमाणावर. १८१० सालीं पाटण्याच्या शेख दीन महंमद या गृहस्थानें लंडनमध्यें हिंदुस्थानी पद्धतीचें भोजनगृह काढलें. खुद्द हिंदुस्थानांत राहून आलेल्या साहेबांना तेथें चवीची आठवण विकत मिळे. दोन वर्षांत त्याचें दिवाळें निघालें. पुढें विसाव्या शतकांत इंग्लंडच्या गांवोगांवीं 'इंडियन' म्हणून जीं भोजनगृहें निघालीं, त्यांतलीं बहुसंख्य सिल्हटकडच्या बंगाली माणसांनीं चालविलीं. त्यांच्या घरीं मासळी नि भात. दुकानांत मात्र ग्राहकाला हवी ती 'करी'. एकच तयार रस्सा मोठ्या पातेल्यांत ठेवावयाचा आणि त्याच्यांतून अनेक पदार्थ काढावयाचे, ही युक्ति तेथें रूढ झाली. मग नांवांचा अर्थ काय उरणार? कोर्मा म्हणजे सौम्य, मद्रास म्हणजे तिखट, विंदालू म्हणजे त्याहून तिखट. गोव्याच्या माणसानें हें ऐकलें तर तो कपाळावर हात मारील. विंदालूचा प्राण शिरका आणि लसूण. पोर्तुगीजांच्या मद्य-लसणींत मुरविलेल्या मांसापासून गोव्याच्या स्वयंपाकघरानें तो घडविला. लंडनमध्यें पुष्कळ ठिकाणीं त्यांतला शिरका मागें पडला, आणि उरली पैजेवर खाण्याची मिरची. पुण्याच्या त्या मुलाच्या तोंडीं सावजी शब्द नेमका याच वाटेवर उभा होता.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही चवीला जातीच्या उंबऱ्याआड कोंडूं पाहतां. मुळींच नाहीं. हा रस्सा पहिल्यापासून विकण्यासाठींच बाहेरच्या खोलींत आला, आणि एरवीं एका पंक्तीस न बसणारीं माणसें त्याच्यापुढें खांद्याला खांदा लावून बसलीं. तो कोणींही शिजवावा. माझी तक्रार इतकीच, कीं नांव घ्यावयाचें तर त्या नांवाच्या मागची भाजणीही घ्यावी. पाटीवर 'तिखट रस्सा' असें लिहिल्यास मी कोणाशीं भांडणार नाहीं. आमच्याकडे रस्त्यारस्त्यांवर 'वऱ्हाडी' म्हणून मिरवणाऱ्या ढाब्यांनाही हाच न्याय लावावा लागेल, हें मी जाणतों.

शिवाय त्या चुलीपाशीं बसलेल्या बाईचें नांव कोणत्याच पाटीवर नव्हतें, जुन्याही नव्हे. पाटी सावजीची, भाजणी तिची. आणि त्या बांकांवर आमच्या घरांतल्या बायकाही पूर्वीं कधीं बसल्या नाहींत. त्यांना ही चव माहीत झाली ती पुरुषांनीं घरीं आणलेल्या डब्यांतून. म्हणजे करणारी आंत, आणि जिची पसंती खरी जाणकाराची ती दीडशें किलोमीटरांवर. मधल्या मध्यें टीकाकार म्हणून मिरवणारे आम्ही!

गेल्या पावसाळ्यांत नागपुरास गेलों तेव्हां गोळीबार चौकाजवळच्या एका जुन्या घरीं जेवलों. तिखट किती, हें कोणीं विचारलें नाहीं. भाकरी कीं पोळी, एवढेंच विचारलें. पातोडी चांगली होती. वडीचे कांठ थोडे अधिक मऊ, पण दगडफूल जागच्या जागीं. निघतांना आईसाठीं डबा भरून घेतला. रात्रीं घरीं पोंचल्यावर तिनें झांकण काढलें, जरा वेळ वास घेतला, बोटानें तर्री बाजूला सारून खालचा रस्सा चाखला, आणि म्हणाली, "मसाला बराबर हाय. पन जवसाचं तेल नाई राह्यलं आता यात."