‘जीवनशैली’ ह्या संज्ञेतील गृहीत कर्ता

मधुमेह व स्थूलता ह्यांविषयी ऑनलाइन दिल्या जाणाऱ्या मराठी मार्गदर्शनात डॉ. जगन्नाथ दीक्षित ह्यांच्या व्याख्यानांचा प्रथम विचार करावा लागतो. डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) ह्यांच्या विचारावर आधारलेला त्यांचा नियम सर्वश्रुत आहे. दिवसातून दोनदाच, कडक भूक लागेल तेव्हा जेवावे. जेवण ५५ मिनिटांत संपवावे. मध्यंतरी पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा एवढेच घ्यावे. ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. ‘पथ्य’ ह्या जुन्या शब्दामागे वर्ज्य पदार्थांची लांबलचक यादी असे. येथे तिच्या जागी मोजता येणारी संख्या आली आणि ‘इन्सुलिन’ हा शब्द घरोघरी पोहोचला. भाषिक दृष्ट्या हे यश सामान्य नव्हे. (‘तुमची फास्टिंग किती आली?’ ह्या प्रश्नात ‘साखर’ गाळली गेली, परंतु तिचे स्त्रीलिंग मागे राहिले, हेही नोंदण्याजोगे आहे.)

तथापि ह्या सर्व मार्गदर्शनाचे नाव ‘जीवनशैली’शी जोडलेले आहे. शैलीविचारात शैली म्हणजे उपलब्ध पर्यायांतून केलेली निवड होय. जेथे पर्याय नाही तेथे शैलीही नाही. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी ह्या तालुक्यांकडे पाहिले म्हणजे ह्या संज्ञेची मर्यादा उघड होते. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. चिकू टाळावा, हा सल्ला बागायतदाराच्या घरी आहाराचा विषय आहे. फळे उतरवणाऱ्या वारली मजुरास त्या फळातून मिळते ती प्रामुख्याने मजुरी. दिवाळीनंतर कुटुंबासह वीटभट्टीवर जाणाऱ्यास साडेचार किलोमीटर चालण्याचा उपदेश कोणत्या अर्थाने करावा?

मराठीत ‘उपास’ आणि ‘उपाशी’ हे एकाच कुळातले शब्द. पण उपास धरला जातो, सोडला जातो. उपाशी मात्र राहावे लागते. ‘दोनदाच जेवा’ ह्यातील ‘च’ हा उपास धरू शकणाऱ्यासाठी आहे. ज्याला मुळात दोनदाच मिळते, त्याच्या बाबतीत तो ‘च’ निरर्थक ठरतो.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. कुपोषणाशी निगडित मधुमेहाला जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये स्वतंत्र स्थान दिले व १९९९ मध्ये ते काढून घेतले. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्यास ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली. ह्या प्रकारात रोगी बहुधा कृश असतो आणि दोष इन्सुलिनच्या आधिक्याचा नसून न्यूनतेचा असतो. वारंवार खाल्ल्याने इन्सुलिन वाढते, ह्या गृहीतकावर उभा असलेला उपदेश त्यास लागू पडत नाही. शिवाय साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने वैद्यास न विचारता जेवण टाळले, तर साखर घातक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. दीक्षित स्वतः टाइप १ च्या रोग्यांना ह्या नियमातून वगळतात. परंतु मुखोमुखी पसरणाऱ्या सल्ल्यात नियम उरतो, अपवाद गळतो. तलासरीत तर तो प्रमाण मराठीतून वारलीत, क्वचित गुजरातीच्या आधाराने, पोहोचतो.

मार्गदर्शक रोग्यास विचारतो, ‘काल किती वेळा जेवलात?’ येथे रोगी कर्ता आहे. ‘काल किती वेळा जेवायला मिळाले?’ असे विचारल्यास तोच चतुर्थीत जातो आणि उत्तरही बहुधा निराळे येते. मार्गदर्शनाच्या उपलब्ध भाषेत हा दुसरा प्रश्न अद्याप आढळत नाही.