शंकेचा अधिकार : ‘इक्वस’मधील डायसर्ट

पीटर शॅफर यांचे ‘इक्वस’ (१९७३) हे नाटक सामान्यतः उत्कटता आणि सामाजिक सुस्थितता यांच्यातील द्वंद्वाचे नाटक म्हणून वाचले जाते. सहा घोड्यांचे डोळे फोडणाऱ्या सतरा वर्षांच्या ॲलन स्ट्रँगला बरे करणे म्हणजे त्याची उपासनाशक्तीच हिरावून घेणे नव्हे काय, ही मनोविकारतज्ज्ञ मार्टिन डायसर्टची शंका या वाचनाच्या केंद्रस्थानी असते. १९६० नंतर रोनल्ड लँग आदींनी प्रस्थापित मनोविकारशास्त्राविषयी उपस्थित केलेल्या प्रश्नांशी तिचे नाते उघड आहे. परंतु ही शंका कोण व्यक्त करतो, हे तिच्या आशयाइतकेच महत्त्वाचे ठरते.

नाटकाचे निवेदन डायसर्टकडे आहे. त्याचे वैवाहिक जीवन शुष्क, ग्रीसवरील प्रेम पुस्तकी. ॲलनविषयीच्या त्याच्या आकलनात असूया मिसळली आहे, हे तो स्वतःच मान्य करतो. मुलांचे बळी देणाऱ्या पुरोहिताच्या स्वप्नात त्याला भय वाटते ते मुखवटा घसरण्याचे. याउलट घोड्यांची भूमिका करणाऱ्या नटांचे चेहरे तारा व चामड्याच्या मुखवट्यांतून दिसतच राहतात. देवत्व हे माणसाने धारण केलेले असते, हे नाटक लपवीत नाही. वैद्यकीय अधिकाराला मात्र ते लपवावे लागते.

तथापि डायसर्टची शंका ज्या द्वंद्वावर उभी आहे, ते नाटकातील घटनाच मोडून काढते. तबेल्यात जिलशी जवळीक साधताना ॲलनला अडवते ती त्याच्या देवाची सर्वसाक्षी नजर, आणि ती नजर असह्य झाल्यानेच तो घोड्यांचे डोळे फोडतो. म्हणजेच डायसर्टला जी हेवा करण्याजोगी उपासना वाटते, ती उपचारापूर्वीच छळ बनलेली आहे. मुलाला वेदना होत आहेत, हे न्यायदंडाधिकारी हेस्थर सॅलोमनचे साधे विधान म्हणूनच अखेरपर्यंत अनुत्तरित राहते.

डायसर्ट शेवटी उपचाराचाच मार्ग पत्करतो. स्वतःच्या तोंडात रुतलेल्या साखळीची जाणीव तेवढी त्याच्याकडे उरते. बरा झालेला ॲलन मात्र रंगमंचावर कधीच बोलत नाही. त्याने काय गमावले याची साक्ष फक्त डायसर्ट देतो. शंकेलाही सत्ता असते, आणि रुग्णाच्या वतीने बोलण्याचा हक्क ती सहज बळकावते, हे या नाटकाने कदाचित नकळत दाखवलेले सत्य त्याच्या घोषित प्रश्नाहून अधिक अस्वस्थ करणारे आहे.