‘फौजदारी डाळ’ला हसण्याआधी

मजेशीर पाटीचा फोटो हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा सगळ्यात चिवट वाङ्मयप्रकार असावा. सुविचार येतात आणि विरतात. पाटी मात्र दोन-तीन वर्षांनी नव्या ग्रुपवर परत हजर होते. तिच्यावर लेखकाचं नाव नसतं, गाव नसतं, तारीख नसते. चार शब्द असतात आणि त्यांच्याखाली आपल्या हसऱ्या इमोजींची रांग. एवढं वाचलं जाणारं लेखन, पण त्याची समीक्षा फारशी कुणी करत नाही. जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर ती करून बघायला हवी. कारण इथल्या पाट्या एक अडचणीचा प्रश्न विचारतात: आपण हसतो ते नेमकं कुणाला?

पाटी कशी वाचायची, हे आपल्याला पुण्याने शिकवलं. पुणेरी पाटीला वाचणारा माणूस हा संशयित वाटतो. तो गेटसमोर गाडी लावणार, दुपारी बेल वाजवणार, पत्ता विचारणार, हे लिहिणाऱ्याने आधीच गृहीत धरलेलं असतं. भाषा प्रमाण, शुद्धलेखन चोख आणि टोमणा जागच्या जागी. तिथे आपण लिहिणाऱ्याच्या बाजूने हसतो. हीच फूटपट्टी घेऊन कुणी एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्याला लागला, की त्याला टोमणा सापडत नाही, सापडतात फक्त ‘चुका’. मग हसू लिहिणाऱ्यावर उलटतं.

आधी बिनचूक पाट्या घेऊ. ढाब्याच्या फलकावर शेवभाजीशेजारी ‘फौजदारी डाळ’ लिहिलेली असते. मुंबईच्या पाहुण्याला ती खाल्ल्यावर गुन्हा दाखल होईल असं वाटतं. इथल्या माणसाला ती झणझणीत मसाल्याची, भाकरी कुस्करून खायची डाळ असते. धान्याच्या दुकानावर ‘दादर’ लिहिलेलं दिसतं. पाहुणा लोकल शोधतो. दुकानदार रब्बीची ज्वारी विकत असतो. हिवाळ्यात ‘भरीत’ किलोवर मिळतं. या पाट्यांत विनोद नाहीच. विनोद पाहुण्याच्या डोक्यात आहे आणि फोटो काढताना तो पाटीच्या नावावर जमा होतो.

सरकारी पाटीही अशीच फसवते. धुळे तालुक्यात ‘मोहाडी प्र. लळिंग’ आहे आणि ‘मोहाडी प्र. डांगरी’ही आहे. हा ‘प्र.’ म्हणजे प्रभाग नव्हे, प्रगणे. महसुलाची ती जुनी विभागणी केव्हाच संपली. तिचं एक अक्षर आणि एक टिंब उरलं. ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ या फारसी मापांचंही तेच, मोठं आणि छोटं. गावाच्या पाटीकडे बघून ‘हे कसलं नाव’ म्हणणारा खरं तर काही शतकांच्या कारभारावरून नजर फिरवून पुढे गेलेला असतो.

इथे एक खेळ आठवतो. मे २०००मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमधली मुद्दाम ठेवलेली अचूकतेची त्रुटी काढून टाकली आणि दोनच दिवसांत ऑरेगॉनमध्ये एकाने डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्यातून जिओकॅशिंग सुरू झालं. फोनवर आकडे बघत जायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथेच ठेवून निघायचं. या खेळाचे लोक वाटेत दिसलेल्या विचित्र पाट्यांचेही फोटो काढतात. त्यांच्या फोटोला निदान एक पत्ता असतो: अमुक ठिकाणी उभं राहिलं, की हे दिसतं. आपण फॉरवर्ड करताना नेमकं तेच कापतो. क्रॉप केलेल्या पाटीतून रस्ता जातो, दुकान जातं, गिऱ्हाईक जातं. शिल्लक राहतं ते शुद्धलेखन. मग आपण शुद्धलेखनालाच हसतो, कारण हसायला दुसरं काही ठेवलेलंच नसतं.

पत्त्याशिवाय जगणारी पाटी पाहायची असेल, तर ट्रकची मागची बाजू बघावी. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना भेटतात, त्यामुळे देशभरातलं ट्रकसाहित्य इथून जातं. ‘हॉर्न ओके प्लीज’वर महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ साली बंदी घातली, तरी ते पुसलं गेलं नाही. बुरी नजर, आईचा आशीर्वाद, लिंबू-मिरची ही भाषाच प्रवासासाठी घडलेली आहे. लुधियानात वाचा नाहीतर भुसावळात. दुकानाची पाटी अशी घडलेली नसते. ती समोरच्या चौकासाठी लिहिलेली असते.

आता त्या ‘चुकां’कडे. पाणपोईवर ‘पानी’ लिहिलेलं असतं, कुठे ‘ळ’च्या जागी ‘य’ आलेला असतो. अहिराणीत आणि लेवा बोलीत ‘ळ’चा बहुधा ‘य’ होतो: डोळा म्हणजे डोया, आभाळ म्हणजे आभाय. रंगाऱ्याने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. ते प्रमाण मराठीत चूक असेल, त्याच्या बोलीत मात्र नियम आहे. ग्रिअर्सनने १९०७च्या आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या खंडात खान्देशीला मराठीच्या नव्हे, भिल्ल भाषांच्या सोबत बसवलं. ते वर्गीकरण पटो न पटो, ‘बिघडलेली मराठी’ एवढ्यावर हा विषय संपत नाही, हे त्यावरून कळतं. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या गाण्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली आलं, तेव्हा महाराष्ट्राने त्यातल्या ‘य’ला चूक म्हटलं नाही. २०१८पासून जळगावच्या विद्यापीठाच्या कमानीवर त्यांचं नाव आहे. तोच ‘य’ पंक्चरच्या दुकानावर दिसला, की आपण फोन बाहेर काढतो.

खान्देशातली एक फार जुनी पाटी चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या देवळात आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ काढला, त्याचा हा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख. घराण्याची थोरवी, विद्वत्ता, राजांची स्तुती हे सगळं संस्कृतात आहे. शेवटी मठाला बाजारातून काय आणि किती मिळायचं, हा हिशेब येतो आणि तिथे भाषा मराठी होते. मोठेपणा एका भाषेत, पैशाचं बोलणं लोकांच्या भाषेत. आजच्या दुकानासमोर उभं राहून बघा. वर मोठ्या अक्षरांत नागरी वळणाचं इंग्रजी नाव, ‘कलेक्शन’ किंवा ‘मेन्स वेअर’. खाली गल्ल्यापाशी, पुठ्ठ्यावर, हाताने: ‘आज रोख उद्या उधार’. आठशे वर्षांत कामाची वाटणी फारशी बदललेली नाही.

२०२२च्या कायदादुरुस्तीने राज्यातल्या सगळ्या दुकानांना मराठी देवनागरी पाटी सक्तीची केली आणि इतर लिपीतली अक्षरं तिच्याहून मोठी नकोत असंही सांगितलं. त्यामुळे लिपी आली. पण ‘मेन्स वेअर’ देवनागरीत लिहिलं म्हणून शब्द मराठी होत नाही, आणि अहिराणीचा तर प्रश्नच निघाला नाही. २००१च्या जनगणनेत खान्देशी भाषक सुमारे २० लाख ७५ हजार होते. २०११मध्ये १८ लाख ६० हजार. माणसं कमी झाली नाहीत, ‘माझी भाषा ही’ असं सांगणारे कमी झाले. कशामुळे, याची कारणं अनेक असतील. पण ज्या भाषेतलं एक अक्षर पाटीवर चढलं की त्याचा मीम होतो, ती भाषा फॉर्मवर लिहायला माणूस कचरणारच. आपण फॉरवर्ड केलेल्या प्रत्येक फोटोचा त्यात थोडा वाटा आहे.

म्हणून हसणं थांबवायचं का? मुळीच नाही. खान्देशी माणूस स्वतःवर आणि दुसऱ्यावर भरपूर हसतो. फक्त पुढचा फोटो थोडा मागे सरकून काढा. रस्ता दिसू द्या, गावाचं नाव लिहा, पाटीतला शब्द कुठल्या बोलीतला आहे ते शेजारच्या टपरीवर विचारा. आणि एक पाटी शोधून बघा, ती डब्यापेक्षा अवघड आहे: अहिराणीत, ठरवून, चांगल्या रंगात लिहिलेली. ‘उधार बंद आहे’ अशा पाट्या गल्लोगल्ली आहेत. ‘उधार बंद शे’ अशी कुठे दिसली, तर फोटो काढा, ठिकाण टाका आणि मगच पाठवा. त्या ‘शे’मुळे नकार तोच राहतो, पण तो देणारा घरातला वाटतो.