वर्दी, मुखवटा आणि निष्ठेचा पुरावा

गुप्तहेरकथेचा परिचित रूपबंध दोन राष्ट्रांच्या अस्तित्वावर उभा असतो. एक आपले, एक परके, मध्ये सीमारेषा आणि ती ओलांडून वेषांतराने वावरणारा नायक. त्याची निष्ठा कोठे आहे हे आधीच ठरलेले असते. धोक्यात येते ती केवळ त्याची सुरक्षितता. वसाहतीत मात्र अशी रेषा नकाशावर सापडत नाही. ती एकाच घरातील दोन भावांमधून जाते, एकाच माणसाच्या दोन नावांमधून जाते. जित समाजातील माणूस जेत्यांच्या पोलीसदलात नोकरी करतो तेव्हा तो फितूर आहे, आतून आपल्याच लोकांसाठी काम करणारा हेर आहे, की महिन्याच्या पगारावर नजर ठेवणारा साधा चाकर आहे, हे ठरविण्याचे साधन कोणते? कोरियन भाषेत 'मिलजोंग' असा एक शब्द आहे. त्याचा कोशगत अर्थ गुप्तपणे माहिती काढणारा एवढाच. परंतु जपानी राजवटीच्या (१९१०-१९४५) संदर्भात तो उच्चारला गेला की त्याला आपल्याच माणसांची खबर परक्यांना पोचविणाऱ्याची काळी छटा येते. भाषेने येथे हेर आणि घरभेद्या यांना एकाच शब्दात कोंबले आहे.

या पेचाला लोकप्रिय कथनरूपे कशी सामोरी जातात, हे पाहण्यासाठी 'गाक्सिताल' ही दूरचित्रवाणी मालिका विशेष उपयोगी आहे. केबीएस या दक्षिण कोरियातील सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या दुसऱ्या वाहिनीवरून ती ३० मे ते ६ सप्टेंबर २०१२ या काळात २८ भागांत प्रसारित झाली. हो योंग-मान यांच्या १९७४ मधील चित्रकथेवर ती आधारलेली आहे. कथेचा काळ १९३० चे दशक आणि स्थळ ग्योंगसोंग, म्हणजे जपान्यांचे केइजो आणि आजचे सोल. नायक ली कांग-तो हा जोंगनो पोलीस ठाण्यातील कोरियन अधिकारी. जपानी वरिष्ठांच्या लेखी सातो हिरोशी. मुखवटा घालून जपानी अधिकाऱ्यांवर हल्ले करणाऱ्या 'गाक्सिताल'ला पकडणे हे त्याचे काम. मुखवट्याआड असतो त्याचाच थोरला भाऊ कांग-सान, जो पोलिसांच्या छळाने वेडा झाल्याचे सोंग घेऊन घरात राहत असतो. अजाणता कांग-तोच्याच हातून भावाचा मृत्यू होतो, आणि मग वर्दी अंगावर ठेवून तोच मुखवटा चढवतो.

पूर्वार्धातील काही भागांत या मालिकेने असे काही साधले आहे, जे साहसकथेकडून सहसा अपेक्षित नसते. कांग-तो सुरुवातीला खरोखरच फितूर आहे. फितुराचे सोंग घेतलेला देशभक्त नव्हे. तो मोक-दान या मुलीला अटक करतो, तिचा छळ करतो, आणि तिच्या क्रांतिकारक पित्यापर्यंत पोचण्यासाठी तिचा गळ म्हणून वापर करतो. घराची धूळधाण वडिलांच्या आणि भावाच्या देशकार्याने झाली, ती आपण पगाराने भरून काढू, असा त्याचा हिशेब आहे. हा हिशेब मालिका उपहासाने मांडत नाही. ज्याच्यासाठी तो केला त्या आईला मुलाच्या वर्दीची लाज वाटते, आणि नेमक्या या लाजेमुळे तो वर्दीला अधिकच चिकटतो. फितुरीचे एवढे घरगुती, एवढे अनाकर्षक कारण दाखविण्याचे धैर्य अनेक गंभीर कादंबऱ्यांनाही झालेले नाही.

भावाच्या मृत्यूनंतर एक चमत्कारिक गोष्ट घडते. कांग-तोच्या बाह्य कृतीत फारसा बदल होत नाही. तो त्याच ठाण्यात जातो, त्याच वरिष्ठांपुढे वाकतो, त्याच जपानी नावाला ओ देतो. कालपर्यंत जी वर्दी त्याची खरी ओळख होती, ती आज वेषांतर ठरते. कृती तीच, अर्थ उलटा. अर्थ उलटला तो प्रेक्षकाला एक गोष्ट कळली म्हणून. वर्दीत तसे काहीच बदललेले नाही. ठाण्यात त्याच्या शेजारी बसणाऱ्या कोरियन शिपायाला, रस्त्यावर त्याला शिव्या देणाऱ्या म्हातारीला हा फरक दिसणे शक्य नाही. फ्रान्झ फॅनन यांनी १९५२ मधील 'ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स' या ग्रंथात गोऱ्या जेत्याचा मुखवटा चढविणाऱ्या जित माणसाचे मनोविश्लेषण केले. येथे पोलिसाची वर्दी हाच तो मुखवटा आहे, आणि त्यावर दुसरा, लोकपरंपरेतला मुखवटा चढतो. दोहोंच्या खाली एखादा उघडा चेहरा आहे का, हा प्रश्न मालिकेने क्षणभर उभा केला आहे.

दुसरा मुखवटा निवडण्यातही अर्थ आहे. 'गाक्सी' म्हणजे नववधू आणि 'ताल' म्हणजे मुखवटा. आन्दोंगजवळील हाहवे या गावच्या मुखवटानाट्यात वधूचा मुखवटा प्रसिद्ध आहे. तेथील उमरावाच्या किंवा भिक्षूच्या मुखवट्याला स्वतंत्र, हलणारा जबडा असतो. बोलताना तो हसल्यासारखा दिसतो. वधूच्या मुखवट्याला असा जबडा नाही. तिचे तोंड मिटलेले आहे. ज्याला बोलता येत नाही अशा चेहऱ्याने बंडखोराने वावरावे, ही कल्पना चित्रकथेच्या मर्यादेतही सूचक होती. मालिकेने तिचा पुरेसा उपयोग करून घेतला नाही. तिचा गाक्सिताल फार बोलतो.

क्षणभर उभा राहिलेला तो प्रश्न पुढे टिकत नाही, याचे कारण मालिकेच्या प्रकृतीत आहे. पीटर ब्रूक्स यांनी 'द मेलोड्रॅमॅटिक इमॅजिनेशन' (१९७६) या ग्रंथात अतिनाट्याचा गाभा सद्गुणाची ओळख पटण्यात शोधला आहे. सद्गुण आधी झाकला जातो, त्याच्यावर आळ येतो, आणि अखेर तो सर्वांसमक्ष प्रकट होतो. 'गाक्सिताल'ने हेरकथा आणि अतिनाट्य एकत्र जोडले आणि त्या जोडणीत हेरकथेचा बळी गेला. प्रेक्षक कांग-तोविषयी कधीच साशंक नसतो. प्रत्येक भागाचा ताण 'तो पकडला जाईल काय' एवढाच उरतो. 'तो कोण आहे' हा प्रश्न सातव्या-आठव्या भागानंतर संपतो. आठवड्यातून दोन रात्री, तीन महिने घराघरात येणाऱ्या नायकाची निष्ठा अनिश्चित ठेवणे या माध्यमाला परवडणारे नव्हते, असे म्हणून या दोषाची बोळवण करता येईल. परंतु इतिहासाने उभी केलेली एक खरी व्यक्ती शेजारी ठेवली की काय गमावले गेले ते दिसते.

ती व्यक्ती ह्वांग ओक. ग्योंग्गी प्रांताच्या पोलीसदलातील हा कोरियन अधिकारी १९२३ मध्ये 'उइयोल्दान' या सशस्त्र क्रांतिकारक संघटनेचे बॉम्ब चीनमधून ग्योंगसोंगमध्ये आणण्याच्या कटात सामील झाला. कट उघडकीस आला आणि त्याला शिक्षा झाली. खटल्यात त्याचा बचाव असा, की आपण पोलिसांच्या वतीने, क्रांतिकारकांना जाळ्यात ओढण्यासाठीच त्यांच्यात मिसळलो होतो. हे सत्य होते, की स्वतःला वाचविण्यासाठी केलेली बतावणी? तो पोलिसांतला क्रांतिकारक होता की क्रांतिकारकांतला पोलीस? याबद्दल अभ्यासकांत अद्याप एकमत नाही. किम जी-वुन यांच्या 'मिलजोंग' (२०१६) या चित्रपटाने हे प्रकरण आधाराला घेतले आणि दीर्घकाळ ही अनिश्चितता सांभाळली. शेवटी मात्र त्यालाही नायकाला देशभक्तांच्या पंगतीत बसविल्याशिवाय राहवले नाही. ह्वांग ओकच्या बाबतीत मुखवटा काढून दाखविणारा प्रसंग इतिहासात घडलाच नाही. वसाहतीतील हेराचे सत्य त्याच्या अंतःकरणात दडलेले असते आणि योग्य वेळी ते बाहेर येते, ही समजूत म्हणजे कथनाने इतिहासावर केलेला उपकार आहे. तो खरा मानण्याचे कारण नाही.

'गाक्सिताल'मध्ये ही गुंतागुंत सर्वस्वी हरवली असे मात्र नाही. नायकातून हद्दपार झाल्यावर ती दुसऱ्या दोन पात्रांकडे गेली. त्यांपैकी महत्त्वाचे पात्र किमुरा शुंजीचे. कांग-तोचा हा जपानी मित्र सुरुवातीला प्राथमिक शाळेतील शिक्षक आहे. कोरियन मुलांवर त्याची माया आहे, मोक-दानवर लहानपणापासून प्रेम आहे, वडील आणि भाऊ पोलिसांत असूनही त्याला त्या खात्याचा तिटकारा आहे. भाऊ केंजी मारला गेल्यावर तो शाळा सोडतो, वर्दी चढवतो, आणि काही भागांतच कोठडीत हाडे मोडू लागतो. त्याच्या या पतनाचे चित्रण, विशेषतः पार्क की-उंग यांच्या अभिनयामुळे, मालिकेतील सर्वांत स्मरणीय भाग ठरले. समीक्षेने मात्र येथे थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. हा प्रेमळ शिक्षक त्या वर्गात कोणत्या भाषेत शिकवीत होता?

मालिकेत सर्वजण कोरियन बोलतात. जपानी अधिकारी आपापसांतही कोरियनच बोलतात. मधूनमधून एखादा जपानी शब्द, एखादे संबोधन येते, एवढेच. दूरचित्रवाणीवरील ही एक रूढ सोय आहे आणि तिच्यावर आक्षेप घेणे हटवादीपणाचे वाटेल. परंतु या काळाच्या संदर्भात भाषा ही सत्तेची थेट कृती होती. शाळेत जपानी ही 'राष्ट्रभाषा' होती. १९३८ च्या शिक्षणविषयक फर्मानाने कोरियन भाषेचा विषय ऐच्छिक झाला आणि व्यवहारात शाळांतून नाहीसा होत गेला. १९४० मध्ये जपानी धर्तीची नावे घेण्याची मोहीम सुरू झाली आणि त्याच वर्षी दोन प्रमुख कोरियन दैनिके बंद पाडण्यात आली. १९४२ च्या ऑक्टोबरपासून कोशकार्य करणाऱ्या भाषासंस्थेच्या सदस्यांची धरपकड झाली. अशा राजवटीत हेर हा मुख्यतः दोन भाषांतला माणूस असतो. कोणत्या भाषेत स्वप्न पडते, वेदनेने ओरडताना कोणती भाषा तोंडात येते, यावर त्याचे जगणे-मरणे अवलंबून असते. सगळे संवाद एकाच भाषेत आणल्यामुळे कांग-तोच्या दुहेरी जीवनातील सर्वांत मोठा धोका आणि सर्वांत मोठे पाप, दोन्ही एकदम पुसली गेली. 'सातो हिरोशी' हे नाव तेवढे उरले. त्या नावाने तो ज्या भाषेत हुकूम सोडत असेल ती भाषा प्रेक्षकाच्या कानी पडत नाही. शुंजीच्या वर्गाचेही तसेच. तेथे जपानी ऐकू आली असती, तर त्याची माया आणि त्याची नंतरची क्रूरता यांत मालिका दाखविते एवढे अंतर राहिले नसते. छडीशिवाय शिकविणारा शिक्षकही त्या मुलांच्या तोंडून त्यांची भाषा काढून घेण्याच्या कामावरच नेमलेला होता. २०१८ च्या 'मिस्टर सनशाइन' या मालिकेत जपानी आणि इंग्रजी संवादांना प्रत्यक्ष स्थान मिळाले. तेव्हा हे माध्यमाला अशक्य होते असे नाही.

दुसरे पात्र उएनो रिए. जपानी गुप्त संघटनेच्या प्रमुखाने दत्तक घेतलेली ही स्त्री जन्माने कोरियन आहे. तिचे मूळ नाव छे होंग-जू. मालिकेतील खरी हेर तीच. तिला दोन नावे आहेत, पण कांग-तोप्रमाणे त्यांतील एक खोटे नाही. कथानकाने तिला एकतर्फी प्रेमाच्या साच्यात बसवून तिची धार बोथट केली. तरीही तिच्या वाट्याला आलेल्या दृश्यांत ह्वांग ओकची सावली अधूनमधून दिसते. जपान तिला पूर्णपणे आपली मानत नाही आणि परत जाण्यासाठी कोरियात तिला घर उरलेले नाही. तिच्यासाठी कोणताही मुखवटा तयार नाही, कारण तिच्या निष्ठेला प्रकट होण्याजोगे मूळच नाही.

शेवटच्या भागात मोक-दान लग्नाच्या दिवशीच कांग-तोसाठी झेललेल्या गोळीने मरते, शुंजी स्वतःवर गोळी झाडतो, आणि कांग-तोच्या मागे असंख्य लोक वधूचा मुखवटा चढवून रस्त्यावर येतात. दृश्य म्हणून ते प्रभावी आहे. एकट्याचा मुखवटा समूहाचा होतो, असा त्याचा सरळ अर्थ. परंतु त्या गर्दीतील एकाही मुखवट्याखाली कोण आहे हे प्रेक्षकाला माहीत नाही, आणि या एकाच ठिकाणी मालिका त्याला माहिती नाकारते. काल खबर देणारा, परवा नाव बदलणारा, गेल्या महिन्यात सैन्यभरतीच्या सभेत टाळ्या वाजविणारा, असा कोणीही तेथे असू शकतो. १९४५ नंतर दक्षिण कोरियात नेमके हेच घडले. राष्ट्रद्रोही कृत्यांची चौकशी करण्यासाठी १९४८ च्या कायद्याने विशेष समिती नेमण्यात आली. ६ जून १९४९ रोजी पोलिसांनी तिच्या कार्यालयावर छापा घातला आणि त्यानंतर काही महिन्यांतच तिचे काम गुंडाळण्यात आले. त्या पोलीसदलात जपानी राजवटीत वर्दी चढविलेले अधिकारी मोठ्या संख्येने होते. साठ वर्षांनी, २००९ मध्ये, एका खासगी संशोधनसंस्थेने जपानधार्जिण्या व्यक्तींचा चरित्रकोश तीन खंडांत काढला. त्यात ४,३८९ नावे आहेत. 'गाक्सिताल' त्यानंतर तीनच वर्षांनी आली. जोंगनो ठाण्यातील कांग-तोचे कोरियन सहकारी, ज्यांना कोणताही भाऊ मुखवटा देऊन गेला नाही, ते अखेरच्या दृश्यात कोठे होते हे ती सांगत नाही.