शेवट नाकारणारे प्रहसन : 'मॉन्टी पायथन'मधील लेखकत्व

'मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस' (बीबीसी, १९६९-७४) या मालिकेच्या ४५ भागांतील विनोदाला 'असंगत' म्हणून मोकळे होण्याचा प्रघात आहे. त्यात लेखकत्वाचा प्रश्न दुर्लक्षित राहतो. ग्रॅहम चॅपमन, जॉन क्लीझ, एरिक आयडल, टेरी जोन्स व मायकेल पेलिन हे पाचही जण पूर्वी 'द फ्रॉस्ट रिपोर्ट'साठी (१९६६-६७) लिहीत. तेथे नाममुद्रा सूत्रधाराची होती आणि प्रहसनिकेची परिणती हशा वसूल करणाऱ्या अखेरच्या वाक्यात होई.

'पायथन'मध्ये लेखक हेच नट झाले. क्लीझ-चॅपमन व जोन्स-पेलिन जोडीने, तर आयडल बहुधा एकटे लिहीत. संहिता परस्परांना वाचून दाखवली जाई आणि सहकाऱ्यांना हसवील तीच टिके. हा पहिला श्रोता स्वतः विनोदकार असल्याने ठरीव शेवट त्याला आधीच ठाऊक असे. प्रहसनिका मध्येच थांबवणारा कर्नल किंवा तिला गिळणारी टेरी गिलियम यांची चलच्चित्रे यांमागील तर्क हाच होय. स्पाइक मिलिगन यांच्या 'क्यू५'ने (१९६९) शेवटाचा त्याग आधीच केला होता. पायथनगटाने त्याला सामूहिक लेखनाचा नियम बनवले.

१९७४ च्या चौथ्या पर्वात नट म्हणून क्लीझ नव्हते. सहाच भाग झाले. त्यांत शैली ओळखीची राहते, कसोटी मात्र सैल भासते. येथील कर्तृत्व कोणा एका प्रतिभेचे नसून परस्परांना दिलेल्या नकाराचे होते, हेच त्यातून सूचित होते.