कॅप्टन अमेरिकाचा रोलबॅक

२०१६ साली मार्व्हलच्या एका अंकाच्या शेवटच्या पानावर कॅप्टन अमेरिका म्हणाला, ‘हेल हायड्रा’. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. होस्टेलवर कॉमिक्स वाचणारे आम्ही दोघं-तिघंच, पण त्या रात्री आमची झोप उडाली. मार्च १९४१ च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा मारणारा हा माणूस सुरुवातीपासून शत्रूचाच?

लेखक निक स्पेन्सरने प्रश्न जबरदस्त विचारला होता. उत्तर देताना मात्र माती खाल्ली. दुसऱ्याच अंकात कळतं की कॉस्मिक क्यूबने कॅप्टनचा भूतकाळ बदललाय. २०१७ च्या ‘सीक्रेट एम्पायर’च्या शेवटी खरा स्टीव्ह परत येतो आणि खोट्याला बदडतो. आमच्या धंद्यात याला रोलबॅक म्हणतात: बग शोधत बसायचं नाही, जुनं व्हर्जन परत चढवायचं.

मी बिरसीचा. इथली विमानांची धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात बांधली, म्हणजे ती आणि कॅप्टन एकाच युद्धाची लेकरं. पण गद्दारीचा आरोप कसा लागतो, हे मी शाळेत पाहिलं. पानिपतचा धडा चालू होता. मागून कुणीतरी ‘पळपुटा मल्हारराव’ म्हणालं. माझ्या बाकावरचा मित्र धनगर. मधल्या सुट्टीत त्याने डबा उघडला नाही.

१४ जानेवारी १७६१ ला मल्हारराव होळकर रणातून निघून गेले, हे खरं. आधी त्यांनी नजीबखानाला वाचवलं होतं, हेही खरं. नजीब संपला तर पेशवे आपल्याला धोतरं बडवायला लावतील, असं ते म्हणाल्याचं सांगतात. दुसरी बाजू म्हणते, बायकांना सुखरूप न्यायला भाऊंनीच सांगितलं होतं. हा आपला कॉस्मिक क्यूब. खरा असेलही, पण तो हाती आला की पुढे कुणी विचारतच नाही. गनिमी काव्यात हयात गेलेल्या म्हाताऱ्या सरदाराला ती गोलाची लढाई पटलीच नव्हती. हरलेल्या मैदानात त्याने आपली फौज मरू द्यायची की वाचवायची? आणि तीच लढाई लढणारा, सरदारांच्या डोळ्यांत खुपणारा इब्राहिमखान गारदी शेवटपर्यंत थांबला, पकडला गेला, मारला गेला. या दोघांना समोरासमोर उभं करणारं कॉमिक कुणी काढलं, तर मी प्री-ऑर्डर करीन.

त्या मित्राला मी मध्यंतरी ‘सीक्रेट एम्पायर’ वाचायला दिलं. शेवटची पानं त्याने चाळलीच नाहीत. फोन करून विचारलं, ‘मग त्या खोट्या कॅप्टनचं काय झालं बे?’

‘तुरुंगात टाकला,’ मी म्हणालो.