दीर्घ झूम आणि खिशाची मर्यादा : ल्युमिक्स टीझेड-२०० चे परीक्षण

कोणत्याही उपकरणाचे परीक्षण करताना दोन प्रश्न परस्परांपासून वेगळे ठेवणे अगत्याचे असते. त्या उपकरणाविषयी काय सांगितले जाते, हा एक. आणि ज्या भौतिक नियमांच्या अधीन राहून ते काम करते ते नियम त्याला किती मुभा देतात, हा दुसरा. खिशात मावणाऱ्या दीर्घ झूमच्या डिजिटल कॅमेऱ्यांची चर्चा बहुधा पहिल्या प्रश्नापाशीच थांबते. प्रस्तुत लेखात दुसरा प्रश्न हाती घेऊन, पॅनासोनिकच्या ल्युमिक्स टीझेड-२०० या कॅमेऱ्याचा हौशी परंतु जाणत्या छायाचित्रकाराच्या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

हा कॅमेरा २०१८ साली आला. त्याचा पूर्वज टीझेड-१०० हा २०१६ सालचा. दोहोंतील प्रकाशसंवेदक १३.२ × ८.८ मिलिमीटरचा असून त्यावर सुमारे दोन कोटी चित्रबिंदू आहेत. फरक मुख्यतः भिंगाचा आहे. पूर्वजाचे भिंग ३५ मिलिमीटर फिल्मच्या परिमाणात २५ ते २५० मिलिमीटर केंद्रांतराचे, म्हणजे दहापट झूमचे होते. नव्याचे २४ ते ३६०, म्हणजे पंधरापट झूमचे आहे. वजन मात्र ३१२ ग्रॅमवरून ३४० ग्रॅमपर्यंतच वाढले. अवघ्या २८ ग्रॅमांत एवढी मजल वाढली, हे प्रथमदर्शनी मोठेच यश वाटते. पण त्याची किंमत अन्यत्र चुकवलेली आहे, आणि ती कोठे हे पाहणे हेच परीक्षकाचे काम होय.

प्रथम दोन संज्ञांचा परामर्श घेतला पाहिजे. या संवेदकाला ‘एक इंची’ म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः त्याचा कर्ण सुमारे १६ मिलिमीटर, म्हणजे इंचाच्या दोनतृतीयांशाहूनही कमी भरतो. हे नाव जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यातील नलिकेच्या बाह्य व्यासावरून चालत आले आहे. ‘पंधरापट’ ही संज्ञाही अशीच फसवी आहे. ती केवळ भिंगाच्या दोन टोकांचे गुणोत्तर सांगते. १९५९ साली स्थिरचित्रणासाठी आलेल्या फोक्टलेंडर झूमार भिंगाचे गुणोत्तर (३६ ते ८२ मिलिमीटर) सव्वादोनच्या आसपास होते. पण त्याचे एफ/२.८ हे छिद्रमान दोन्ही टोकांना कायम राही. गुणोत्तर वाढले म्हणजे भिंग श्रेष्ठ झाले, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही.

मग खरे माप कोणते? प्रस्तुत लेखकाच्या मते ते भिंगाच्या प्रकाशद्वाराचा व्यास हे होय. प्रत्यक्ष केंद्रांतराला एफ-अंकाने भागले असता तो मिळतो. टीझेड-२०० चे दीर्घ टोक १३२ मिलिमीटर व एफ/६.४ आहे, म्हणजे द्वार सुमारे २०.६ मिलिमीटरचे. याच कंपनीचा २०१२ सालचा एफझेड-२०० हा कॅमेरा तुलनेस घ्यावा. त्याचा संवेदक क्षेत्रफळाने सुमारे चौपट लहान, पण एफ/२.८ हे छिद्रमान अखेरपर्यंत कायम. तितक्याच दृश्यकोनाला, म्हणजे ३६० मिलिमीटरच्या समतुल्य केंद्रांतराला, त्याचे प्रकाशद्वार सुमारे २३ मिलिमीटरचे होते. म्हणजे एकूण प्रकाश त्याच्याकडेच सुमारे पाव हिश्श्याने अधिक जमा होतो. दोन्ही संवेदकांची कार्यक्षमता समान धरल्यास, मोठ्या संवेदकाचा गाजलेला लाभ दीर्घ टोकाशी शिल्लकच राहत नाही, असे म्हणणे प्राप्त होते.

याचा व्यवहारातील अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. भर उन्हात उडता पक्षी सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपावयाचा असेल, तर एफ/६.४ ला सुमारे १६० आयएसओ पुरतो. पक्षी झाडांच्या छायेत शिरला आणि प्रकाश सोळापट घटला, की तोच आकडा २५६० वर जातो आणि चित्रात कण उमटू लागतात. हाताचा कंप रोखणारी स्थिरीकरणाची सोय येथे निरुपयोगी ठरते. ती छायाचित्रकाराचा हात सावरते, पक्ष्याचे पंख नव्हे. शिवाय एफ/६.४ ला विवर्तनामुळे प्रत्येक प्रकाशबिंदूची सुमारे ८.६ मायक्रोमीटर व्यासाची चकती बनते, तर चित्रबिंदूची रुंदी २.४ मायक्रोमीटर आहे. दोन कोटी चित्रबिंदूंतील तपशील दीर्घ टोकाला पूर्णपणे हाती येणे त्यामुळे शक्य नाही. द्वार आणखी लहान केल्यास चकती वाढतच जाते.

रुंद टोकाला चित्र पालटते. तेथे टीझेड-२०० एफझेड-२०० च्या जवळजवळ तिप्पट प्रकाश गोळा करतो. परंतु तेथेही पूर्वजाच्या एफ/२.८ च्या जागी एफ/३.३ आल्याने प्रकाशाची सुमारे २८ टक्के घट झाली आहे. पंधरापटीची किंमत चुकवली गेली ती येथे. जो दीर्घ टोक क्वचितच वापरतो, त्याला हा व्यवहार तोट्याचा आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, घरी राहिलेल्या उत्तम कॅमेऱ्यापेक्षा खिशातला मध्यम कॅमेरा बरा. आक्षेप रास्त आहे. एफझेड-२०० चे वजन ५८८ ग्रॅम. तो खिशात मावत नाही. टीझेड-२०० मध्ये कच्च्या स्वरूपात चित्र साठवण्याची सोय आहे, डोळ्याला लावावयाचा व्ह्यूफाइंडर आहे, आणि प्रवासात उजेडी दृश्यांसाठी तो समाधानकारक सोबती ठरतो. दूरचे शिखर किंवा देवळाच्या कळसावरील कोरीव काम उन्हात टिपणाऱ्याने तो अवश्य घ्यावा. सायंकाळच्या बाजारात वा घरातील मंद उजेडात वावरणाऱ्याला पूर्वजच अधिक उपयोगी पडेल. पक्षिनिरीक्षकाने मात्र दोहोंचाही मोह टाळावा. त्याला हवे असलेले प्रकाशद्वार मोठ्या काचेवाचून मिळत नाही, आणि मोठी काच खिशात मावत नाही.

तात्पर्य, या कॅमेऱ्यात दोष असा नाही. आहे ती तडजोड, आणि ती कुशलतेने केलेली आहे. दोष असलाच तर तो तडजोडीला प्रगती म्हणणाऱ्या मूल्यमापनात आहे. झूमच्या पटींऐवजी प्रकाशद्वाराचा व्यास विचारण्याची सवय ग्राहकाला लागली, तर अशा कॅमेऱ्यांची प्रशंसाही योग्य कारणासाठी होईल.